आधी आडोसा, मग पांघरूण, शेवटी विस्तव : नाशिकच्या थंडीची घरगुती गोष्ट



डिसेंबर लागला की नाशकात आपल्या बोलण्यात दोन आकडे सारखे येतात. एक निफाडच्या पाऱ्याचा आणि दुसरा विजेच्या बिलाचा. २०१८ च्या डिसेंबरअखेर निफाडचा पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता. असा गारठा पडला की शेतकरी द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात, पहाटे विहिरीचं कोमट पाणी ठिबकने सोडतात, कारण मणी तडकले तर वर्षाची कमाई गेली. शहरात आपण हीटर लावतो आणि महिनाअखेरीला बिल पाहून दचकतो.

आज मला पाककृती किंवा व्रतकथा लिहायची नाही. नाशिकच्या घरांनी थंडीशी कसं जमवून घेतलं, त्यावर किती खर्च केला आणि आपल्या धर्माने त्यात काय शिकवलं, याचा थोडा इतिहास सांगायचा आहे. तो समजला की आजच्या फ्लॅटमध्येही बराच पैसा वाचतो, आणि बरीच हिंसाही टळते.

आधी आपली थंडी नीट ओळखू. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट उंच. पावसाळा संपला की हवा कोरडी होते, आकाश निरभ्र राहतं, दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते. त्यात उत्तरेचा वारा सुटला की पारा झपाट्याने उतरतो. थंड हवा जड असते, ती सखल भागात साठते, म्हणून गोदाकाठचं निफाड नाशिकपेक्षाही गार. पण दुपारी बारा वाजता याच नाशकात स्वेटर काढून ठेवावा लागतो. पहाटे आठ-नऊ अंश आणि दुपारी सत्तावीस-अठ्ठावीस, असं इथलं हिवाळ्याचं गणित. म्हणजे आपली थंडी रात्रीची आहे. युरोपसारखं चोवीस तास घर तापवत बसायची इथे कधीच गरज नव्हती. दिवसाची ऊब रात्रीपर्यंत राखून ठेवायची, एवढंच काम.

सूत्रात सांगितलेले तीन मार्ग

आपल्या आचारांग सूत्रात प्रभू महावीरांच्या साधनाकाळाचं वर्णन आहे. त्यात शिशिर ऋतूचा प्रसंग येतो. गार वारा सुटला की इतर साधक काय काय करत, ते तिथे सांगितलं आहे. कुणी वारा लागणार नाही अशी जागा शोधायचे, कुणी आणखी वस्त्र घ्यायचा विचार करायचे, कुणी लाकडं पेटवायचा. प्रभूंनी यातलं काहीच इच्छिलं नाही. ते उघड्या जागी स्थिर राहिले. बावीस परीषहांत तिसरा शीत परीषह, तो त्यांनी असा जिंकला.

त्याच सूत्रात दुसरा एक प्रसंग आहे. थंडीने कापणाऱ्या मुनींना पाहून गृहस्थाच्या मनात भलताच संशय येतो. मुनी सांगतात की ही थंडी आहे, पण अग्नी पेटवणं किंवा दुसऱ्याकडून पेटवून घेणं मला कल्पत नाही. गृहस्थ दयेने विस्तव पेटवून देतो तरी ते शेकत नाहीत. कारण आपण मानतो की अग्नी स्वतः सजीव आहे, तेऊकाय आहे, आणि त्याच्याभोवती येणारे किती तरी जीव त्यात होरपळतात.

आपण गृहस्थ आहोत. घरात बाळ आहे, बाळंतीण आहे, सत्तरीच्या सासूबाई आहेत. त्यांना परीषह सोसायला लावणं हा काही धर्म नाही. पण त्या वर्णनातले तीन मार्ग लक्षात ठेवण्यासारखे आहेत: वाऱ्यापासून आडोसा, अंगावर पांघरूण आणि विस्तव. हिंसेच्या दृष्टीने पाहा, आडोशात सगळ्यात कमी आणि विस्तवात सगळ्यात जास्त. खर्चाच्या दृष्टीने पाहा, तीच चढती भाजणी. जुनं नाशिक याच क्रमाने चालत होतं. तो क्रम आपण अलीकडे उलटा केला आहे.

लेण्यातला कपड्याचा हिशोब

नाशकातला कापडाचा सगळ्यात जुना लेखी हिशोब पांडवलेण्यात दगडावर कोरलेला आहे. १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने बौद्ध भिक्षूंना लेणं दान दिलं आणि वर तीन हजार कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ही ठेव गोवर्धन इथल्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवली होती. गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूरजवळचं गाव. दोन हजारांवर महिना शेकडा एक व्याज, एक हजारावर शेकडा पाऊण. मूळ रकमेला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं.

दोन हजारांचं व्याज कपड्यासाठी होतं. आपण बायका हिशोबाच्या पक्क्या, म्हणून करून पाहा. शेकडा एक दराने महिन्याला वीस, वर्षाला २४० कार्षापण. लेखात म्हटलं आहे की त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यावेत. वीस गुणिले बारा, बरोबर २४०. एक कार्षापण कमी नाही, एक जास्त नाही. पावसाळ्यात मिळालेलं वस्त्र पुढच्या थंडीत अंगावर असणारच. तीन हजारांतले दोन हजार कापडासाठी, आणि तेही कापड विणणाऱ्यांकडेच ठेवलेले!

या लेण्यात उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिचंही दान नोंदलेलं आहे. तिने एक ‘ओवरक’ दिला, म्हणजे आतली लहान खोली. आपला ‘ओवरी’ हा शब्द त्याच वंशातला. डोंगराच्या पोटातली, एकाच दाराची खोली दिवसा फार तापत नाही आणि रात्री फार गारठत नाही, कारण सगळीकडून जाड दगड आहे. म्हणजे आडोसा आणि पांघरूण, दोन्हींची सोय एका जोडप्याच्या दानातून झाली. याच डोंगरात ११ क्रमांकाच्या लेण्यात पुढच्या काळात आपल्या आदिनाथ भगवंतांची प्रतिमा कोरली गेली. पांडवलेण्याला गेलात तर तिथे दर्शन घ्या आणि शेजारच्या लेण्यातला हा हिशोबही आठवा.

वाडा: आधी आडोसा

आता पेशवाईत येऊ. सराफ बाजाराजवळचा सरकारवाडा तुम्ही पाहिला असेल. तिवंधा, भद्रकाली, पंचवटी या भागांत अजूनही काही जुने वाडे तग धरून आहेत. त्यांची बांधणी थंडीच्या नजरेने पाहिली आहे का कधी?

भिंती हात-दीड हात जाड. खाली काळा दगड, वर वीट आणि माती. अशी भिंत दिवसाचं ऊन हळूहळू पिते आणि ती ऊब आतल्या बाजूला पोचायला बरेच तास लागतात. म्हणजे दिवसाचं ऊन रात्री आत पोचणार, नेमकं हवं तेव्हा. मधला चौक दिवसा उजेड आणि ऊन देतो. चौकाभोवती सोपा, त्याच्या आत माजघर. माजघराला बाहेरची भिंत जवळजवळ नसतेच, चारही बाजूंनी घरच असतं. उन्हाळ्यात अंगणात नाहीतर गच्चीवर झोपणारी माणसं थंडीत माजघरात अंथरुणं टाकायची.

सगळे एका खोलीत का, तर जागा नव्हती म्हणून नव्हे. झोपलेल्या माणसाच्या अंगातून साधारण सत्तर-ऐंशी वॅट ऊब बाहेर पडते. चार माणसं म्हणजे तीनशे वॅटची शेगडी रात्रभर फुकट चालू. पाच खोल्यांत पाच माणसं झोपली की ती ऊब विखरून वाया जाते.

दारं ठेंगणी आणि उंबरा चांगला उंच. उंबऱ्याबद्दल आपण लक्ष्मी, शकुन, संस्कार खूप बोलतो, पण त्याचं साधं कामही आहे. थंड हवा जमिनीलगत सरपटत येते, ती उंबऱ्यावर अडते. किडा-मुंगीही अडते, म्हणून जयणेलाही तो बरा. जमीन शेणाने सारवलेली. उघड्या पायाला ती कोटा किंवा संगमरवरासारखी टोचत नाही, कारण दगड तळव्याची ऊब पटकन ओढून घेतो, माती सावकाश घेते.

मग पांघरूण

बाहेरची भिंत राजाला किंवा सावकाराला परवडली. गोरगरिबाच्या घराची भिंत होती कुडाची. तिथली थंडी गोधडीने अडवली, आणि गोधडी पूर्णपणे बायकांच्या हातची कला आहे.

जुनी लुगडी, धोतरं, फाटलेल्या चादरी, सगळं थरावर थर घालून चारी बाजूंनी धावदोऱ्याने शिवायचं. आपल्या जिल्ह्यात येवला आणि मालेगाव ही मागांची गावं, त्यामुळे जुनेराला तोटा नव्हता. गोधडी ऊबदार का, तर कापडापेक्षा थरांमधल्या अडकलेल्या हवेमुळे. हवा एका जागी थांबली की ती ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणूनच एका जाड चादरीपेक्षा तीन पातळ चादरी जास्त ऊब देतात. खर्च सुई-दोऱ्याचा. नवं काही विकत आणलं नाही, जुनं काही फेकलं नाही. आपण अपरिग्रहावर प्रवचनं ऐकतो, आपल्या आज्यांनी तो दुपारच्या उन्हात बसून शिवला.

दुसरी घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर कातरायची, सूत काढायचं, मागावर विणायचं आणि चिंचोक्याची खळ द्यायची, म्हणजे ती ताठ आणि टिकाऊ होते. लोकर कातरताना जीव जात नाही, म्हणून आपल्यात लोकर चालत आली. रेशीम आणि कातडं याबाबत जसा विचार करावा लागतो, तसा इथे नाही. आपल्या साधू-साध्वींचा ओघा लोकरीचा, सामायिकाचं कटासणंही लोकरीचं. पहाटेच्या प्रतिक्रमणाला गार फरशीवर बसताना गुडघ्यांना ते कटासणं किती आधार देतं, हे साठी उलटलेल्या प्रत्येक श्राविकेला माहीत आहे. कटासण्यामागचं कारण जीवरक्षा, पण ऊब आपोआप मिळते.

मूर्तिपूजक परंपरेत साधू-साध्वी ठरलेल्या वेळी बाहेर पडताना कांबळी ओढून घेतात. हिवाळ्यात सूर्योदयानंतर चार घटिका आणि सूर्यास्तापूर्वी चार घटिका, म्हणजे साधारण शहाण्णव मिनिटं. तीसुद्धा थंडीसाठी नसते, आकाशातून पडणाऱ्या सूक्ष्म अप्कायाच्या जीवांसाठी असते. पण निसर्गाचा योग पाहा, सकाळचे गार तासही त्यातच येतात.

तिसरी कापसाची रजई. थंडी सुरू झाली की पिंजारी धनुकली घेऊन गल्लीत यायचा, तिचा टणत्कार ऐकला की घरोघरी गाद्या बाहेर निघायच्या. दबलेला कापूस पिंजला की फुगतो, पुन्हा हवा धरतो, आणि जुनीच रजई नव्यासारखी ऊब देते.

शेवटी विस्तव, तोही जपून

आता विस्तवाकडे येऊ. इथे आपल्या घरांचं इतरांपेक्षा वेगळं गणित होतं, आणि ते फारसं कुणी लिहिलेलं नाही.

इतरांच्या घरी चूल रात्री आठ-नऊपर्यंत पेटलेली असायची. स्वयंपाकाची ऊब झोपेपर्यंत पुरायची. चौविहार पाळणाऱ्या घरात मात्र सूर्यास्ताआधी जेवणं उरकलेली. डिसेंबरात नाशकात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. म्हणजे साडेपाचला चूल विझायला लागली आणि रात्र पुढे तेरा तासांची. सकाळी सूर्योदय सातच्या आसपास, त्यानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी. इतरांना पहाटे उठल्या उठल्या गरम चहा असायचा, आपल्याकडे जवळजवळ आठ वाजेपर्यंत पाणीही नाही. चौदा तास पोट रिकामं आणि चूल गार. तरीही आपल्या आज्या-पणज्या खणखणीत राहिल्या, त्या कशा?

एक तर संध्याकाळचं जेवण. बाजरीची भाकरी, वर भरपूर तूप, गूळ, तिळाची चटणी. सावकाश पचणारं अन्न रात्रभर आतून शेकत राहतं. ओलं आलं कंदमूळ म्हणून वर्ज्य, पण वाळलेली सुंठ अनेक घरांत चालते. म्हणून आपल्या डिंकाच्या आणि मेथीच्या लाडवांत सुंठ हात सैल सोडून पडते. कार्तिकी पौर्णिमेनंतर भाजीपाला आणि तीळ-सुकामेवा पुन्हा ताटात येतो, फाल्गुनी चौमासीला पुन्हा सुटतो. म्हणजे ज्या चार महिन्यांत शरीराला स्निग्ध हवं, नेमके तेच चार महिने.

दुसरं, विझत्या चुलीचा वापर. चुलीला लागून वैल असायचा. पुढे भाकरी, मागे वैलावर दूध नाहीतर पाणी. चुलीमागे भाणोशी, तिथे ठेवलेलं भांडं आपोआप कोमट राहायचं. एका विस्तवाचा तीन ठिकाणी उपयोग. शेवटी निखारे राखेखाली झाकायचे, ते सकाळपर्यंत जिवंत राहायचे. राख भांडी घासायला. इंधनही फुकटातलं: शेणाच्या गोवऱ्या, तुरीच्या काड्या, कपाशीच्या पऱ्हाट्या. लाकूड येई पेठ, त्र्यंबककडच्या जंगलांतून. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगलं राखीव झाली, लाकूडतोडीवर सरकारी बंधनं आली, आणि सरपणाचा विचार शहरी गृहिणीलाही करावा लागला.

इंधन वापरताना आपल्या बायका आणखी एक गोष्ट करत. गोवऱ्या आणि लाकडं दिवसाउजेडी झटकून, आपटून ठेवायच्या. चूल पेटवण्याआधी पुंजणीने पुंजून घ्यायची. पोकळ लाकडात वाळवी, मुंग्या, कोळी असतात. रात्रीच्या अंधारात उचललेलं लाकूड थेट आगीत घालणं म्हणजे न पाहता केलेली हिंसा. शेकोटीच्या उजेडाकडे झेपावणारे पतंग तर आपण पाहतोच.

भगवती सूत्रात कालोदायीचा प्रश्न आहे. एकाने अग्नी पेटवला, दुसऱ्याने विझवला, दोघांत जास्त कर्मबंध कुणाला? प्रभूंनी सांगितलं की पेटवणाऱ्याला, कारण पेटलेला अग्नी पृथ्वी, पाणी, वारा, वनस्पती आणि त्रस अशा किती तरी जीवांचा घात करतो. श्रावकाला जे पंधरा धंदे वर्ज्य सांगितले, त्या कर्मादानांत पहिलाच अंगारकर्म, म्हणजे कोळसे पाडणं वगैरे. दुसरा वनकर्म. रानाला वणवा लावणंही त्याच यादीत. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या यादीकडे आज हवेच्या आणि जंगलाच्या चिंतेतून पाहिलं तरी ती पटते.

नाशिकची म्हणून एक खास वस्तू इथे सांगायलाच हवी: तांब्याचा बंब. नाशिकचं तांब्या-पितळेचं काम जुनं आणि नावाजलेलं. १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरमध्येही त्याची दखल आहे. तांबटांच्या ठोक्यांनी ती आळी दिवसभर घुमायची. बंबाची रचना पाहा: मधून उभी नळी, तिच्यात विस्तव, आणि नळीभोवती पाणी. चुलीवरच्या भांड्याला आग फक्त खालून लागते, बाजूने निसटते. बंबात आग पाण्याच्या पोटात असते, म्हणून चार काटक्यांत घरभराच्या आंघोळी होतात. गरम पाण्याने आंघोळ झाली की शरीर काही वेळ उबदार, म्हणजे ऊन अंगणात येईपर्यंतची सोय.

उलटा झालेला क्रम

मग बदललं काय? पुष्कळ, आणि सगळं वाईट नाही. जुन्या घराचे गोडवे गाताना त्यातला धूर विसरू नये. चुलीच्या धुराने बायकांचे डोळे गेले, छाती भरली. माजघराचा अंधार उबदार होता, पण कोंदटही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, मग पुण्यात, नाशकात आणि दख्खनभर पसरला. तेव्हा अंधाऱ्या, बंद खोल्यांवर सरकारी डॉक्टरांची नजर गेली. उजेड आणि हवा हे आरोग्याचे मंत्र झाले, घरांना मोठ्या खिडक्या आल्या. चांगलंच झालं. पण खिडक्यांबरोबर वाराही आत आला.

दुसऱ्या महायुद्धात रॉकेल आणि कापड दोन्हींची टंचाई झाली. १९४३ मध्ये कापडावर सरकारी नियंत्रण आलं. त्या काळातल्या बायकांच्या हातून चिंधीसुद्धा सुटली नाही. गोधड्यांची ती शेवटची मोठी पिढी म्हणायला हरकत नाही.

साठच्या दशकात सातपूरला औद्योगिक वसाहत उभी राहिली, ओझरला विमानांचा कारखाना आला, शहर कॉलेज रोड, गंगापूर रोडकडे पसरलं. सिमेंटचं घर आलं. हात-दीड हात भिंतीची सहा इंच झाली, कुठे चारच. सारवलेली जमीन गेली, फरशी आली. १९५५ मध्ये मुंबईत स्वयंपाकाचा गॅस आला, १९६५ मध्ये इंडेनची सुरुवात झाली, आणि पुढे घरोघरी सिलिंडर पोचला. धूर गेला हा मोठाच उपकार. पण वैल, भाणोशी आणि निखारे गेल्यावर स्वयंपाकघर घराची शेगडी राहिलं नाही. १९७० मध्ये एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच सुरू झाला. बंबाची जागा गीझरने घेतली.

असा क्रम उलटला. आडोसा पातळ झाला, गोधडी माळ्यावर गेली, आणि सगळा भार विस्तवावर आला. विजेचा हीटर हाही विस्तवच आहे, फक्त तो एकलहऱ्याच्या कोळशात पेटलेला असतो म्हणून दिसत नाही.

हिशोब करू. दोन हजार वॅटचा हीटर एक तास चालला की दोन युनिट. रोज चार तास म्हणजे आठ, महिन्याला २४० युनिट. दहा रुपये युनिट धरलं तरी २,४०० रुपये, आणि बंद केल्यावर अर्ध्या तासात खोली पुन्हा गार, कारण भिंत ऊब धरतच नाही. उलट दीड लिटरची गरम पाण्याची पिशवी भरायला जेमतेम एक दशांश युनिट लागतं, आणि ती गोधडीत पायाशी ठेवली की तीन-चार तास पुरते. काश्मिरी माणूस फेरनाच्या आत कांगडी धरतो, जपानी कुटुंब रजई अंथरलेल्या ठेंगण्या मेजाखाली शेगडी ठेवून भोवती बसतं. हाडं गोठवणाऱ्या थंडीतही त्यांनी घर तापवलं नाही, माणूस तापवला. आपल्याला तर फक्त रात्र काढायची आहे.

आपल्या फ्लॅटमध्ये

आडोसा: दुपारी अकरा ते चार ऊन येणाऱ्या खिडक्यांचे पडदे पूर्ण उघडे ठेवा, गाद्या उन्हात घाला. सूर्य कलायच्या आत, चौविहाराच्या वेळीच, खिडक्या लावा आणि जाड पडदे ओढा. दाराखालच्या फटीला जुन्या साडीची वळकटी लावा, तो आपला उंबरा. फरशीवर सतरंजी अंथरा, स्वयंपाकाच्या ओट्यापुढे गोणपाट. थंडीचे दोन महिने म्हातारी माणसं आणि मुलं एका खोलीत झोपली तर ऊबही राहते आणि गप्पाही होतात.

पांघरूण: घोंगडी असेल तर ती गादीवर खाली अंथरा, गोधडी वर घ्या. गारठा खालूनही येतो, हे आपण विसरतो. कान आणि पाय झाका. कापसाची रजई कचऱ्यात टाकण्याआधी पिंजून घ्या.

विस्तव: पाणी तापवायला शक्य तिथे सोसायटीत सौरबंब घ्या, ऊन आपल्याकडे भरपूर आहे. पाण्याची पिशवी उकळत्या पाण्याने भरू नका, कापडात गुंडाळा. मधुमेह असलेल्यांच्या पायांना चटका कळत नाही, त्यांच्यासाठी झोपण्याआधी अंथरूण शेकून पिशवी काढून घ्या.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका, बाळंतिणीच्या खोलीतसुद्धा नाही. जुन्या घरांच्या कौलांतून धूर निघून जायचा, आपल्या फ्लॅटला कौल नाही. जळत्या कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने जीव गेल्याच्या बातम्या आपल्या नाशकातही वाचल्या आहेत. गॅस गीझर न्हाणीघराबाहेर बसवा आणि हवेची झडप उघडी ठेवा. विस्तवाला आपण सजीव मानतो, मग त्याच्याशी वागतानाही तेवढंच सावध राहायला हवं.

शेवटचं एक. घरात जास्तीची पांघरुणं किती आहेत ते या आठवड्यात मोजा. लग्नात आलेली, पाकीट न उघडलेली ब्लँकेटं प्रत्येक कपाटात निघतील. गोदाघाटावर, नाशिकरोड स्टेशनबाहेर, बांधकामांच्या कडेला जी माणसं रात्र काढतात, त्यांच्याकडे आडोसा नाही, पांघरूण नाही. म्हणून ती टायर आणि प्लास्टिक पेटवून शेकतात, आणि तो धूर त्यांच्या लेकरांच्या छातीत जातो. त्यांना पांघरूण मिळालं तर तो विस्तव पेटणारच नाही. उषवदाताने वीस जणांच्या कापडाची सोय करून ठेवली होती. आपल्या एका महिला मंडळाला वीस पांघरुणं जमवणं अवघड नाही.

जय जिनेंद्र!